पाठ चौकटीला लाव

कौसाकाकू मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. म्हणाल्या, "चपला काढ अन् पाठ चौकटीला लाव."

मी लग्नासाठी नाव नोंदवायला गेले होते. जुन्या जालन्यात एका बियाण्याच्या दुकानावर त्यांचं घर होतं. एकोणीस पायऱ्या चढून गेलं की दारातच एक खोली, आणि तेच त्यांचं वधूवर माहिती केंद्र. खोलीत टेबल, लोखंडी कपाट आणि दोन खुर्च्या. काकू बसल्या की समोरच्याचे गुडघे टेबलाला लागायचे. मुलगी आणि आई आत मावायच्या, बाप जिन्यात उभा राहून तिथूनच उत्तरं द्यायचा. माझे वडीलही जिन्यातच होते.

त्यांनी फॉर्मवर माझी उंची पाच फूट एक इंच लिहिली होती. काकूंनी माझ्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली, पेन्सिलनं चौकटीवर रेघ मारली आणि टेप लावला. "चार फूट नऊ."

"पुन्हा बघा बरं," जिन्यातून वडील ओरडले. "सकाळी जरा जास्त भरते ती."

"गुरुजी, तुमी गणित शिकवता ना? मंग हे चार इंच कुठून आणले?"

वडिलांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. काकूंनी पाच-एक खोडून चार-नऊ केलं, ठळक. खाली त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता, तो मी दुसऱ्या कुठल्याच केंद्राच्या फॉर्मवर पाहिला नाही. 'न सांगितलेलं काही'. लोक तो कोरा सोडायचे आणि काकू फॉर्म परत द्यायच्या. "कायतरी असतंयच. आठवा." वडिलांनी चिडून लिहिलं, 'मुलगी रागीट आहे.' मी घरी पोचेपर्यंत रडत होते आणि या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. रागीट होतेच मी, अजूनही आहे.

त्या चौकटीवर सगळ्या जिल्ह्याची उंची होती. सागवानी लाकडावर पेन्सिलीच्या रेघाच रेघा, प्रत्येक रेघेपुढे नावाचं पहिलं अक्षर आणि गाव. केदारखेड्याचा एक मुलगा केस फुगवून आला होता. काकूंनी पट्टीनं केस पार टाळूपर्यंत दाबले. "केस म्हंजे उंची न्हाई, बाबा." जाड तळव्याचे बूट घालून आलेल्या एका इंजिनिअरला त्यांनी बूट जिन्यात काढायला लावले आणि त्याच्या मोज्याला भोक आहे हेही आईबापांसमोर सांगितलं. कोणी फार आढेवेढे घेतले की त्या समर्थांच्या जन्मगावाच्या, जांब समर्थाच्या दिशेनं हात करायच्या. "आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा माणूस 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाला. मंग तुमाला मी कसं धरून ठेवू? निदान खरं तरी सांगा, म्हंजे पळायचं ते आधीच पळतील."

माझ्या फॉर्मवरची उंची वाचून तीन स्थळं आधीच पळाली. चौथं शहागडचं होतं, हायवेवर त्यांचं टायरचं दुकान. मुलगा म्हणाला, "बाकीच्या सगळ्या पोरी कागदावर पाच-दोनच्या निघाल्या. तुमचाच आकडा खरा वाटला, म्हणून आलो." तो आता माझा नवरा आहे, आणि त्या लग्नानंतर काकूंकडं माझं येणंजाणं वाढलं. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्या दिवशी टेप चुकला होता.

लग्नानंतर मी कॅमेरा शिकले आणि त्यातून एक विचित्र धंदा अंगवळणी पडला. विकायला काढलेली घरं मी सजवून देते. जुने पडदे काढायचे, पसारा हलवायचा, चार कुंड्या मांडायच्या आणि वाइड लेन्सनं फोटो काढायचे. त्या लेन्समधून मोरीसुद्धा दिवाणखाना दिसते. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मग एक दिवस काकूंच्या मुलाचा, रवीचा, पुण्याहून फोन आला.

काकूंचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी स्वतःच अंबड रोडला एक तळमजल्याची जागा बघून ठेवली होती, दोन खोल्या आणि पुढं ओटा. केंद्र तिथं हलवायचं होतं. पण हे घर विकलं तरच ती जागा घेता येणार होती, आणि तिचा मालक दोन महिन्यांपलीकडे थांबायला तयार नव्हता. रवीची अट सरळ होती. दोन महिन्यांत घर गेलं नाही तर केंद्राला कुलूप आणि आई पुण्याला.

"पुण्याला मी काय करू?" काकू मला म्हणाल्या. "दूध घ्यायला खाली जायचं अन् लिफ्टमधून वर यायचं. दिवस संपला."

"घर चांगलंय हो," रवी म्हणाला होता. "पण दारातच ती खोली. बघायला येणारा ती बघूनच परत जातो. तिचं काहीतरी कर."

काकू शेजारणींबरोबर जांब समर्थाच्या देवळात गेल्या होत्या, तो दिवस मी साधला. फायली पोत्यात भरून आत नेल्या. लोखंडी कपाट पेंटरनं आणि मी मिळून गच्चीवर चढवलं. भिंती पांढऱ्या केल्या. मुद्दाम बनवून घेतलेलं दोन फुटांचं टेबल ठेवलं, त्यावर बंद पडलेला लॅपटॉप आणि एक मनीप्लांट. समोर आरसा. टेबल लहान असलं की खोली मोठी वाटते, हे माझ्या धंद्यातलं साधं गुपित आहे. फोटोत ती खोली अशी आली की तिथं पंगत बसवावी. राहिली होती ती चौकट. पेंटर पॉलिश पेपर घेऊन तिच्यापुढं उभाच होता, तेवढ्यात जिन्यात काकूंची काठी वाजली.

"त्याला हात लाव, मंग बघ," त्या शेवटच्या पायरीवरूनच म्हणाल्या. पेंटरनं डबा उचलला आणि तो मजुरी न घेता गेला.

मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "ही कुणाची खोली?"

"तुमचीच, काकू."

"अस्सं. बापानं तुझे चार इंच वाढवले, तू माझ्या खोलीचे पाच फूट वाढवले. खानदानी धंदा हाय तुमचा."

मी भडकले. म्हटलं, कोणासाठी करतेय मी हे? तुम्हालाच ती खालची जागा पाहिजे ना? हे घर गेलं नाही तर पुण्याला जावं लागेल, कळतंय का? आणि घर म्हणजे काय माणूस आहे का, खरंखोटं करायला?

"न्हाई कसं? स्थळच हाय. लोक बघायला येऊन राह्यले, चहा पिऊन जाऊन राह्यले, कळवतो म्हणून राह्यले. बराबर तेच." मग त्या खुर्चीत बसल्या. त्यांचे गुडघे माझ्या छोट्या टेबलाला लागले नाहीत, तेही त्यांना आवडलं नाही.

त्या दिवशी पोत्यातल्या फायली परत लावताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला वीस वर्षांत कळली नव्हती. त्यांच्या वडिलांनी लग्न जुळवताना मुलगी दहावी झालीय असं सांगितलं होतं. काकू सातवी झालेल्या. लग्नानंतर महिन्यात ते उघडं पडलं. त्यांचे यजमान पुढं कैक वर्षं, घरात पाहुणे जमले की इंग्रजी पत्र त्यांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, वाच. "खोटं बापानं सांगितलं, नंदे. बाप गावाकडं सुखात होता. ऐकून घेत होते मी. पोरीची चार इंच उंची वाढवली तर ते चार इंच जन्मभर कुणाच्या डोक्यावर बसतेत? तिच्याच." हे सांगताना त्यांचा आवाज जराही ओला नव्हता. राग होता, आणि तो इतका जुना असूनही ताजा होता.

फोटो मात्र रवीनं आधीच जाहिरातीत टाकले होते. पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक व्यापारी. शेठजी फोटो बघून खूश होते. काकूंनी त्यांच्या हातात टेपचं टोक दिलं. "धरा तिकडं. सहा बाय सात. आन् पावसाळ्यात त्या कोपऱ्यात ओल येती, रंग हिनं परवाच दिलाय." शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कुंडीला पाणी घालायला लागले. पुढच्या दोन गिऱ्हाइकांचंही तेच झालं. रवी फोनवर आईला काही बोलू शकत नव्हता, म्हणून मला बोलला. एक महिना संपला. अंबड रोडचा मालक दुसऱ्या कोणाला जागा दाखवू लागला, हेही काकूंना कळलं होतं. त्या रात्री जेवल्या नाहीत असं शेजारीण म्हणाली. तरी टेप हातातून सुटला नाही.

मग त्यांनी एक दिवस केंद्राचा छापील फॉर्म घेतला आणि घराचं परिचयपत्र भरलं. मला म्हणाल्या, "हे टाक आपल्या ग्रुपवर." ग्रुप म्हणजे व्हॉट्सॅपवरचा, जिथं सगळ्या तालुक्यांतले उपवरांचे आईबाप होते.

'नाव: कौसल्याबाईंचं घर. वय: चौतीस. रंग: होता सावळा, सध्या पांढरा, टिकणार नाही. उंची: जमिनीपासून एकोणीस पायऱ्या. बांधा: दारातली खोली सहा बाय सात, दोन खुर्च्या कशाबशा, टेबल लहान असेल तर. बाकी दोन खोल्या चांगल्या. स्वभाव: उन्हाळ्यात तापट. अपेक्षा: निर्व्यसनी. न सांगितलेलं काही: कोपऱ्यात ओल, खाली बियाण्याचं दुकान असल्यानं औषधाचा वास, समोरच्या घरातलं भांडण स्पष्ट ऐकू येतं.'

लोक हसले. एका गृहस्थांनी गोत्र विचारलं. मी मनात म्हटलं, झालं, आता पुण्याचं तिकीट काढा.

चौथ्या दिवशी अस्मिता आली, पस्तिशीची असेल, बरोबर नवरा. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची. तिच्या धाकट्या दिराचं जमवायचं होतं म्हणून सासरे ग्रुपवर होते, आणि त्यांनी हसून हसून ते परिचयपत्र सगळ्या घराला वाचून दाखवलं होतं. तिनं आतल्या खोल्या नुसत्या डोकावून पाहिल्या. मग ती दारातल्या खोलीत गेली, खुर्चीत बसली आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे.

दार उघडून तिनं विचारलं, "यात तिसरी खुर्ची मावते का?"

"लहान घेतली तर..." माझी सवय बोलली.

"बिलकुल न्हाई मावत," काकू म्हणाल्या. "दुसरीच मुश्किलीनं बसती."

"मग हेच घर," अस्मिता नवऱ्याला म्हणाली. "मी दुसरीही ठेवणार नाही. आता मी जिथं बसते तिथं सगळं घर येऊन बसतं, भाजी निवडायला, बातम्या बघायला, भांडायला. दाराशीच खोली, एकच खुर्ची, तीही माझी." आणि मग माझ्याकडे वळून, "फोटो आधी बघितला होता मी. मोठी खोली दिसली म्हणून सोडून दिलं होतं."

माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार, कारण काकू हसू दाबत होत्या. नवऱ्यानं ओल, वास आणि भांडण यांचा उल्लेख करून किंमत कमी करायचा प्रयत्न केला. "हे सगळं सांगूनच किंमत लावलीय," काकू म्हणाल्या. "तेच दोष दुसऱ्यांदा वापरता का?" व्यवहार मुदतीच्या आत झाला. काकू रवीला फोनवर एवढंच म्हणाल्या, "स्थळ जमलं. घराचं. माझं पुण्याशी न्हाई जमलं."

निघताना मी अस्मिताला चौकटीबद्दल विनवणी करणार होते. काकूंनीच अडवलं. "तिचं घर हाय आता. रंगवू दे न्हाईतर जाळू दे. मी विकून राह्यले होते तवा झाकायचं नव्हतं, बस." अस्मितानं ती चौकट रंगवली नाही, हे मला खूप नंतर कळलं.

अंबड रोडच्या जागेत सामान लागलं त्या दिवशी काकूंनी मला पेन्सिल आणि पट्टी आणायला सांगितलं. नवी चौकट कोरी होती. मला वाटलं माझी उंची पुन्हा मोजायची असेल. पण त्यांनी स्वतःच चपला काढल्या, काठी भिंतीला टेकवली आणि पाठ चौकटीला लावली. "इथं पहिली रेघ माझी."

जुन्या चौकटीवर त्या पाच फूट दोन होत्या. मी चवड्यांवर उभी राहून त्यांच्या डोक्यावर पट्टी धरली. गुडघे वाकलेले, पाठ वाकलेली. मी पट्टी हळूच इंचभर वर सरकवली.

"किती?"

"पाच एक."

त्यांनी मान वळवली नाही. हात वर नेला, डोकं आणि पट्टी यांच्यामधून बोट फिरवलं. बोट आरपार गेलं.

"खाली घे, नंदे."

"काकू, गुडघ्यांमुळं आहे ते, सरळ उभं राहिलं की..."

"खाली घे म्हणते ना."

मी खाली घेतली. पाच फूट. त्यांनी आकडा स्वतःच्या हातानं लिहिला, ठळक.

काकूंनी तिथं आणखी चार वर्षं स्थळं जमवली. त्या गेल्या त्याला दीड वर्ष झालं. रवीनं ती जागा विकायचं काम मलाच दिलं. वाइड लेन्स मी घरीच ठेवली. कपाटात छापील फॉर्म शिल्लक होते, त्यातला एक काढून मी घराचं परिचयपत्र भरलं. छताची उंची मात्र स्टुलावर चढून मोजावी लागली. 'न सांगितलेलं काही' या रकान्यात मी तेही लिहिलं: मोजणारी चार फूट नऊ इंच.