सासूबाईंच्या गालावरची जखम

वाईत आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि पडद्याच्या अलीकडे माझं पार्लर. मी नवरी सजवायची, ह्यांनी तिचे फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर बसून तिला आणखी गोरी करायची. स्थळाला दाखवायच्या फोटोत तर मुलीचं नाक तेवढं तिचं, बाकी सगळं ह्यांचं. वीस वर्षं हेच चाललं होतं. मला त्या गुळगुळीत चेहऱ्यांचा वीट आला होता.

इथे घाटावर सारखं शूटिंग असतं. एकदा गर्दीत उभी राहून मी एका रंगभूषाकाराला नटाच्या हातावर भाजल्याची खूण करताना पाहिलं आणि घरी आले ती वेडी होऊनच. मग मोबाइलवर बघून बघून शिकले. पातळ रबर, टिश्यू पेपर, गुळाच्या पाकात खायचा लाल रंग घातला की झालं रक्त. दोन वर्षांनी कळलं, एका भुताखेतांच्या मालिकेला मेकअपसाठी मदतनीस बाई हवी आहे. माझं वय त्रेचाळीस. मला पुन्हा कोण विचारणार होतं? अट एकच होती: मेकअपने जखम केलेल्या एकाच चेहऱ्याचे तीन फोटो, कॅमेऱ्यातून आले तसे. उजेड थोडा कमीजास्त केलेला चालेल, कातडीला हात लावायचा नाही.

चेहरा सासूबाईंचा घेतला. त्या कुंडलहून आमच्याकडे राहायला आलेल्या. सगळा जन्म रानात गेल्यामुळे गालांवर उन्हाचे काळे डाग.

"आगं, मेल्यावर भूत व्हायचंच हाय की. आदीच कशाला करतीस?" म्हणाल्या, आणि तीन तास हलल्या नाहीत.

ह्यांनी नेहमीसारखा समोरून फ्लॅश मारला. जखम चपातीवर जॅम लावल्यासारखी दिसली. खोलगटपणा नाही, ओल नाही, रबराची कड मात्र चकचकीत.

"आवं, तुमी भूतबी गोरं करून ठेवाल!" मी ओरडले. सासूबाईंच्या देखत ओरडायला नको होतं, पण ओरडले.

पुढच्या रविवारी सकाळी ह्यांनी फ्लॅश काढूनच ठेवला. सासूबाईंची खुर्ची खिडकीशी आडवी लावली, दुसऱ्या बाजूला काळं घोंगडं टांगलं. ट्यूबलाइट बंद केली, कारण तिच्या उजेडात माझं रक्त नारिंगी येत होतं. मीही रक्तात चिमूटभर कॉफी घातली, ग्लिसरीनचा थेंब फक्त जखमेच्या आत सोडला आणि कडेला पावडर दाबली. एका अंगाने उजेड आला आणि जखमेला खोली आली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी तो फोटो मोठा करून बघितला. उन्हाचे डाग थेट जखमेच्या काठापर्यंत जात होते. सासूबाई कुठे संपल्या आणि माझं काम कुठे सुरू झालं, ते मलाच सांगता येईना. त्या दिवशी मी ह्यांना पहिल्यांदाच मनापासून शाबासकी दिली. संध्याकाळी फोटो ह्यांनीच पाठवले, कारण कॉम्प्युटर त्यांचा.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. जखम वरून चिकटवल्यासारखी वाटते, आजूबाजूची कातडी कॉम्प्युटरवरची आहे, अट वाचली नव्हती का?

मी पाठवलेले फोटो उघडून बघितले. जखमेला हात लावलेला नव्हता. पण भोवतीचा गाल सोळा वर्षांच्या नवरीसारखा. एक डाग नाही, एक सुरकुती नाही. त्या गालावर माझी जखम तिकीट डकवावं तशी बसली होती. मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे खाली मान घालून उभे राहिले.

"त्येला बोलू नगंस," सासूबाई मागून म्हणाल्या. "मीच म्हनले व्हते. एवढी शिनेमातली मानसं बघनार, डाग तेवढं काढ म्हनलं. जखमंला मातर हात लावू दिला न्हाई. तुझं लय कष्ट हैत त्यात."

आता कुणावर चिडायचं? मूळ फोटो माफी मागून लगेच पाठवले. दोन दिवसांनी तीन शब्द आले: जागा भरली आहे. त्यानंतर मी कुठे काही पाठवलं नाही. रबर बाटलीतच आळून दगड झालं. लग्नसराईत पुन्हा नवऱ्या सुरू झाल्या.

सासूबाईंना त्या फोटोतला स्वतःचा चेहरा फार आवडला होता. जन्मात एवढा चांगला फोटो निघाला नव्हता म्हणाल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जखम काढून फ्रेम करून दे, असा त्यांनी लेकाकडे हट्ट धरला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"करू?"

"करा," मी म्हणाले.

मी मागेच उभी होते. तीन तासांचं काम पुसायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही.

तो फोटो आता स्टुडिओच्या दारात लावलेला आहे. येणाऱ्या मुली थांबून बघतात आणि विचारतात, आजींचा मेकअप कुणी केला? मी सांगते, ह्यांनी.