मनगटातला काजवा

लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला लागले, तेव्हा भावानं मला गजर असलेलं, आकड्यांचं मनगटी घड्याळ दिलं. पहाटेची कंपनीची गाडी चुकली, तर काम जाणार होतं. अंधारात बटण दाबलं की आत बारीक दिवा लागायचा आणि आकडे पाण्यात तरंगल्यासारखे दिसायचे. जाऊ चिडवायची, "मनगटात काजवा पाळलाय व्हय गं?"

पुढं दिवा लावला की आकडे पुसट व्हायला लागले. भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "अक्का, सेल उतरलाय. मोटार चालू केली की घरातला बल्ब मिणमिणतो, तसंच हाय. आतली चिप लई थोडक्यात भागवती, पण दिवा लावला की व्होल्टेज पडतं. नवा सेल मिळंस्तवर दिवा अन् गजर दोन्ही बंद ठेव."

गजराशिवाय जाग येईल का, या धास्तीनं माझी झोप पातळ झाली. उठून चूल पेटवायची आणि जाळाच्या उजेडात मनगट धरायचं. आकडे शांतपणे पुढं सरकत असायचे.

नवा सेल बसवल्यावर भावानं उठायच्या वेळेचा गजर लावून दिला. दुसऱ्या पहाटे तो वाजला, तेव्हा मी फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होते. शेजारच्या बाया हसल्या. मी लाजून मनगट पदराखाली घेतलं.