खंडेनवमीला उघडी पडलेली जीप

मुरुम गावच्या गॅरेजात मी कामाला होतो तेव्हाची, मोठ्या दुष्काळातली गोष्ट. फौजेतून सुटून आलेल्या माझ्या चुलत्यानं लिलावातली जुनी जीप घेतली होती. आमच्या बौद्ध वस्तीची विहीर आटलेली. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांनी घागर खाली ठेवून ताटकळायचं, कुणाच्या मनात आलं तर वरून ओतणार. म्हणून चुलता लांबच्या एका मळ्यातून जीपमधी ड्रम भरून पाणी आणायचा. सारी वस्ती त्या पाण्यावर होती.

अन् नेमका जीपच्या मागच्या डिफरन्शियलनं, मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यानं, दगा दिला. मीच खोललं. एक्सल ओढले, मागचं झाकण काढलं, तर काळ्या तेलासंगं बेरिंगचा चुराच हातात आला. बेरिंगवरच्या टोप्यांना डावी-उजवीच्या खुणा केल्या. जोडताना अदलाबदल झाली की नवं बेरिंगही टिकत न्हाय. बाकी सगळं रॉकेलच्या घमेल्यात ठेवलं. नवं बेरिंग सोलापूरहून एसटीनं संध्याकाळी आलं. म्हटलं, सकाळी जोडून टाकू.

सकाळी येऊन बघतो तर काय! मालकाच्या आईनं खंडेनवमीची पूजा मांडलेली. पाने, हातोडे, जॅक, सगळं चादरीवर, हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून. माझ्या घमेल्यालासुद्धा कुंकू! आज हत्याराला हात लावायचा न्हाय.

"मालक, वस्तीत कालपासून पाणी न्हाय," मी म्हणालो. "आमी खंडेनवमी पाळत न्हाय. मी एकटा बसून जोडतो."

"तू पाळत न्हाईस रे, पण हत्यारं माझी हाईत," मालक दबक्या आवाजात म्हणाला. "आईपुढं माझी लाज राहू दे."

डोकंच फिरलं माझं. काल संध्याकाळपर्यंत हेच पाने माझ्या हातात होते, तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता! पण बोलणार कुणाला? उचलावं तर नोकरी जाणार, अन् दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मला कोण उभं करणार होतं? न उचलावं तर घरी बायको ओली बाळंतीण अन् रांजण कोरडा. भिंतीला टेकून बसलो. समोर जीप, मागून उचललेली, चाकं काढलेली.

तेवढ्यात चुलता आला. त्यानं पूजा बघितली, माझं तोंड बघितलं.

"बायका घागरी घेऊन बसल्यात रं," एवढंच म्हणाला.

मी उठलो. चादरीवरचा पाना उचलला, कुंकू पँटीला पुसलं, अन् जीपखाली शिरलो. मालकाची आई आत निघून गेली. मालक दिवसभर माझ्याकडं फिरकला न्हाय.

दिवस मावळायच्या आत ड्रम वस्तीत आले. बायको तांब्याभर पाणी घटाघटा प्याली, मग मला म्हणाली, "तुमीबी प्या की."

दुसऱ्या दिवशी दसरा. मालक स्वतः वस्तीच्या तोंडाशी आला. आपट्याचं सोनं माझ्या हातावर ठेवलं, मला छातीशी धरलं.

"तुझ्यासारखा हात मला पुन्हा मिळायचा न्हाय," म्हणाला. "उद्यापासून येऊ नको."