पाच नंबरची चप्पल

आमच्या ह्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी ओळख दाखवली की हे आधी त्याच्या पायांकडे बघतात आणि मग हसतात. "आठ नंबर, डावा पाय जरा मोठा," असं मला हळूच सांगतात. तो माणूस कोण, राहतो कुठे, ते मात्र विचारायचं नाही. बावीस वर्षं चपलांच्या दुकानात उकिडवं बसून लोकांच्या टाचा बुटात सारल्यावर दुसरं काय होणार? आमची पहिली भेट झाली तेव्हाही ह्यांनी मला "पाच नंबर ना?" असंच विचारलं होतं. आणि मी लाजले होते! आता सांगताना माझं मलाच हसू येतं, पण खरं ते खरं.

ह्यांचं दुकान म्हणजे रोजचा वैताग. चौदा जोड काढायला लावून "बघून येते" म्हणणाऱ्या बाया. ओले मोजे घालून कोरे बूट मागणारे बुवा. पोराच्या पायात घट्ट बूट कोंबून "चालून दाखव रे" म्हणणारे बाप. आणि दुकानात गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायचं नाही, हा मालकांचा कडक नियम. बूट चावला तरी ह्यांनी म्हणायचं, "छान दिसतोय. दोन दिवस घाला, सवय होईल."

त्यात एक जमात म्हणजे पाच नंबरवाल्या बाया. पाऊल स्पष्ट सहाचं, पण बाईंना पाचच हवा. "मला कायम पाचच लागतो!" सहा म्हटलं की जणू आईवरून शिवी दिली. त्यांच्यासाठी दुकानात आकड्यांच्या चिकटपट्ट्यांचा एक खणच आहे. "दुसरा जोड बघतो हं," म्हणून हे आत जातात, सहाच्या चपलेवर पाचचा आकडा चिकटवतात आणि बाहेर येऊन बाईंच्या पायात घालतात. "बघा! म्हटलं नव्हतं पाचच आहे?" बाई खूश, मालक खूश. हे घरी येऊन नक्कल करून दाखवायचे आणि मी पोट धरधरून हसायचे. "अहो, स्वतःच्या पायाशी कसलं खोटं बोलायचं! इतकंही कळू नये माणसाला?" असं मी म्हणायचे. म्हणायचे, हे लक्षात ठेवा.

तर एके दुपारी हे शिडीवर चढले, सगळ्यात वरच्या फळीवरचा खोका काढायला, आणि ह्यांना गरगरलं. सात खोक्यांसकट खाली आले. हाड मोडलं नाही, कारण खाली आधी खोके पडले आणि त्यांच्यावर हे. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मीठ कमी, तेल कमी, तळलेलं बंद, तीन महिन्यांनी परत या. मालकांनी तेच पकडलं. "तीन महिन्यांनी डॉक्टर ठीक म्हणाल्या तर शिडी तुमची, गिऱ्हाईक तुमचं. नाहीतर दारापाशी स्टुलावर बसायचं आणि लोकांच्या छत्र्या-पिशव्या सांभाळायच्या."

हे घरी आले, खिशातलं बूट चढवायचं पितळी शिंगटं काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले. वापरून वापरून ते मधे पातळ झालंय.

"स्टुलावरून पाय दिसतील गं," हे म्हणाले. "पण हातात येणार नाहीत."

 मी रडणारी नव्हे, मी चिडणारी. "स्टुलावर बसवतो काय! बघतेच मी," म्हटलं आणि पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी मोठी कढई माळ्यावर गेली. तेलाची बुधली कपाटात आणि बाहेर फक्त एक चहाचा चमचा. एका भाजीला एक चमचा, वर थेंब नाही. मिठाचा डबा तर मी कुलपातच घातला. पहिल्या रात्री वाफवलेली फरसबी वाढली. ह्यांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला, गिळला.

"छान आहे," हे म्हणाले. "दोन दिवसांत सवय होईल."

माझं डोकंच फिरलं. "मी गिऱ्हाईक नाही हं तुमचं! बेचव आहे तर बेचव म्हणा!"

"बेचव असं नाही," हे म्हणाले. "जरा नाजूक आहे."

ह्या माणसाकडून खरं काढणं म्हणजे दगडातून पाणी. मग मीच हात-पाय हलवले. लसूण कोरडा भाजून ठेचला तर मिठाची आठवण कमी होते, हे कळलं. डाळीत शेवटी लिंबू पिळायचं, आधी नाही, हेही कळलं. लाल भोपळ्याच्या फोडी तव्यावर झाकण न ठेवता करपेपर्यंत भाजल्या, वर मिरपूड टाकली. त्या दिवशी हे काही बोललेच नाहीत, नुसतं ताट पुढे केलं. मी तिथेच ओळखलं की आता जमलं. ह्यांचं तोंड खोटं बोलतं, पण ताट बोलत नाही.

आता माझंही ऐका. पथ्य ह्यांचं होतं, माझं थोडंच? दिवसभर राबणाऱ्या बाईच्या अंगात काही ताकद नको? हे दुकानात गेले की मी छोटी कढई काढायचे, बटाट्याचे पातळ काप तळायचे आणि वरून चांगलं चिमूटभर मीठ. एक चिमूट कसली, दोन. उरलेले काप डब्यात घालून तो डबा बुटाच्या खोक्यात. आमच्या घरात सगळं बुटांच्या खोक्यांतच असतं, सुया-दोरे, औषधं, जुने फोटो. माझा खोका सगळ्यात वरचा, त्यावर लिहिलेलं "लहान मुलांचे, दोन नंबर". एकदा धूळ झटकताना ह्यांनी तो उचलला. मी श्वास रोखून उभी. बावीस वर्षं खोके उचललेला माणूस, वजनावरून आत काय ते ओळखतो. ह्यांनी तो दोन्ही हातांत तोलला, माझ्याकडे बघितलं आणि होता तिथे ठेवून दिला. मी मनात म्हटलं, सुटले बाई!

त्याच सुमारास माझी चप्पल आवळायला लागली. संध्याकाळी पट्ट्याचा वळ उठायचा. मी ह्यांनाच धारेवर धरलं. "तुमच्या दुकानातला माल पूर्वीचा राहिला नाही हं. आखडते मेली!" ह्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं, अंगठ्याने घोट्यापाशी दाबलं आणि दाबलेला खड्डा भरेपर्यंत बघत राहिले. नेहमीचं "सवय होईल" काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा जोड घेऊन आले.

"पाचच ना?" मी विचारलं.

"पाचच," हे म्हणाले. तळाला आकडाही होता. पाय असा अलगद आत गेला म्हणता! "बघा, नीट शिवलेली असली की पाचची चप्पल कशी बसते," मी म्हटलं. हे मान हलवून हात धुवायला गेले.

तीन महिने झाले. हे धुतलेले मोजे घालून दवाखान्यात गेले, जणू रक्तदाब पायातच असतो. मीही होतेच, शाबासकी घ्यायला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, सोडला आणि म्हणाल्या, "उत्तम. चढा शिडीवर."

मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थापच मारली. भोपळ्याची कृतीसुद्धा सांगायला घेतली. तेवढ्यात हे म्हणाले, "डॉक्टर, पट्टा काढलाच आहे तर हिचंही बघा."

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय?"

बाईंनी एकदा मोजलं. परत मोजलं. हे शिडीवरून पडले त्या दिवशी ह्यांचा जो आकडा होता, माझा त्याच्याही वर गेला होता. "पायांना सूज कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"सूज? छे हो! माझा पहिल्यापासून पाचच नंबर." पुरावा म्हणून मी चप्पल काढून त्यांच्यापुढे उलटी धरली. घासून घासून आकड्याची पट्टी एका कोपऱ्यात उचकटली होती. मी नखाने ओढली. खाली सहा.

पाचची पट्टी माझ्या बोटाला चिकटून राहिली.  त्या पाचवाल्या बायांना मी किती हसले होते!

"मला गिऱ्हाईक केलंत?" माझ्या तोंडून निघालं आणि रागाने डोळ्यांत पाणीच आलं. "कधीपासून माहीत होतं?"

"महिना झाला," हे खाली बघत म्हणाले. "त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तुझं पाऊल हातात घेतलं ना, मी घाबरलो गं. तू 'पाचच ना' म्हणालीस आणि तोंडातून 'पाचच' निघून गेलं. मग रोज म्हणायचो, आज सांगतो."

 पण मीही इतके दिवस खोक्यात बटाटे लपवत होतेच की.

गोळ्या घेऊन घरी आलो. ह्यांनी मालकांना कळवलं की शिडी उद्यापासून. मग तो दोन नंबरचा खोका खाली काढला, काप कचऱ्यात टाकले, एकही तोंडात न टाकता. ह्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. नंतर आयुष्यात पहिल्यांदा हे स्वतः ओट्यापाशी उभे राहिले. फरसबी अर्धी कच्ची, अर्धी गाळ. लसूण जळून कोळसा. लिंबू आधीच पिळलेलं. ताट माझ्यापुढे ठेवून हे समोर उकिडवे बसले, दुकानात बसतात तसे.

"कशी झालीय?"

"बेचव," मी म्हटलं. "साफ बेचव."

आणि ताट परत पुढे केलं.