वहिनीच्या गोळ्यांचं पाकीट

दादाचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात भाजी निवडत होते. "तुझी वहिनी गेली गो…" एवढंच बोलला. सकाळचा चहा घेता घेता हृदय थांबलं म्हणे. जन्मभर छळलं पोटानं आणि नेलं मात्र हृदयानं, याचा मला भयंकर राग आला. कुणाचा, ते अजून ठरत नाही.

वहिनीला एंडोमेट्रिओसिस होता, गर्भाशयाचं अस्तर बाहेर पोटात वाढतं आणि पाळीत जीवघेण्या कळा येतात, तो आजार. रत्नागिरीच्या आमच्या घरात त्याला कुणी नावानं ओळखलं नाही, सगळे म्हणायचे, "वहिनीचं पोट." ती हसायची, "येवढं लांबलचक नाव, घेता घेताच पाळी संपायची!" आणि गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून शेजारपाजारच्या खबरी सांगत बसायची. आम्हाला वाटायचं, बाई बोलघेवडी आहे. दुखायला लागलं की तिच्या गप्पांना जोर चढतो, हे मला करोनाच्या साली कळलं.

त्या वर्षी शिमग्याला म्हणून माहेरी गेले आणि टाळेबंदीत अडकले, ती थेट गणपती होईपर्यंत. पाच महिने नणंद घरात! दुसरी एखादी वैतागली असती. आम्ही दोघींनी फणसाचे गरे तळले, आंबोशी वाळवली, पत्ते कुटले… इतकं माहेरपण मला आई असतानाही मिळालं नव्हतं. तिचं कोल्हापूरला ठरलेलं ऑपरेशन तेवढं पुढं गेलं. तातडीचंच घेतात, असं फोनवर कळलं. तोवर रोजची एक गोळी, सगळी भिस्त तिच्यावरच.

मग गणपती आले आणि माझी तारीख नेमकी त्याच दिवसांत. नैवेद्याला घरात बायका दोघीच. पाळी पुढं ढकलायला गणपतीत बायका ज्या गोळ्या घेतात, वहिनीचं रोजचं औषधही त्याच. सणामुळे बाजारात एकाही दुकानात त्या शिल्लक नव्हत्या. मी बिनदिक्कत तिच्यातल्या मागितल्या.

"घ्या की वन्सं. माज्याकडं दुसरं पाकीट हाय," म्हणत तिनं अख्खं पाकीट हातावर ठेवलं.

दुसरं पाकीट नव्हतंच. गणपती बसले त्या दिवशी वहिनी मागच्या पडवीत, गुडघे पोटाशी घेऊन. गोळी चुकल्यानं पाळी आलेली, शिवायचं नाही म्हणून तिथूनच सांगत होती, "उकड गार होऊ देऊ नका… पाण्याचा हात लावा, वन्सं." कपाळावर घाम नुसता. दादा चिडला, "गोळ्या संपत आल्या, कळत नाय तुला?" ती म्हणाली, "मोजायला चुकले." मी मोदकाला कळ्या पाडत तिथंच बसले होते. तोंड उघडलं नाही. उरलेल्या गोळ्या नंतर गुपचूप तिच्या उशाशी ठेवल्या, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

ऑपरेशन दीड वर्षानं झालं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही… मी मात्र दर गणपतीला जात राहिले, ती मोदक करत राहिली.

तेराव्याला दादा पाहुण्यांना तोच किस्सा सांगत होता. "विसराळू किती! ऐन गणपतीत सोताच्या गोळ्या संपवून बसली." सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात त्याला गाठलं.

"दादा, त्या गोळ्या मी खाल्ल्या होत्या."

तो भांडी पुसत होता. पुसतच राहिला. "म्हाईत हाय गो. त्याच आठवड्यात सांगितलंन तिनं."

"मग इतकी वर्षं तिलाच का नावं ठेवलीस?"

"तिनंच शपथ घातली होती. म्हणाली, तुमाला ठाव हाय हे वन्संना कळलं तर त्या लाजतील… माहेरी यायच्या बंद होतील."