उठताच येईना

त्या दुपारी मी घरात एकटीच होते. मी शाळेत क्लार्क, आणि शाळेला सुट्टी होती. ह्यांची सातपूरला कंपनीत पहिली शिफ्ट. गॅसवर दूध ठेवलं आणि खाली फरशीवर मेथी निवडायला बसले. बसताना उजवा गुडघा वाजला, पण ते हल्ली रोजचंच होतं. पाळी गेली तेव्हापासून दोन्ही गुडघे कुरकुरत होते.

दूध वर यायला लागलं तशी उठायला गेले, तर उजवा गुडघा सरळच होईना. फरशीवर हात टेकून जोर लावला तेव्हा वाटीच्या आतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी परत खाली बसले. दूध उतू गेलं, चर्र आवाज झाला आणि ज्योत विझली. मग गॅसचा वास यायला लागला.

मोबाईल आतल्या खोलीत पलंगावर. थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या. शेजारणीला हाक मारली, पण ती तिच्यापर्यंत पोचली नाही.

माझी आई शेवटची काही वर्षं नांदगावच्या घरात बसल्या जागी सरकत फिरायची. एका हातानं जमीन रेटायची आणि मागून पाय ओढून घ्यायची. मला ते बघवायचं नाही. त्या दुपारी मी अगदी तशीच सरकत ओट्याखालच्या टाकीपर्यंत गेले आणि रेग्युलेटर बंद केला. मग गॅलरीच्या दाराशी गेले, खालची कडी ओढली, आणि बाहेरची जाळी धरून कशीबशी उभी राहिले. गॅसची भीती वारं लागल्यावर ओसरली. दुसरी काही जाईना. आई सरकायला लागली तेव्हा सत्तरीला टेकली होती. मी तर नुकती पन्नाशी ओलांडलेली.

हे आल्यावर सगळं सांगितलं. हे आधी गॅसलाच घाबरले, शेगडी, नळी सगळं तपासलं. मग म्हणाले, "अगं, गुडघे माझेपण दुखतात. वय झालं आता आपलं."

"तुम्हाला कधी उठता आलं नाही, असं झालंय का?"

दुसऱ्या दिवशी हे हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्यासोबत आले आणि मी म्हटलं म्हणून स्वतःचाही एक्स-रे काढून घेतला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दोन्ही फिल्म उजेडावर लावल्या. मी मनाची तयारी केली होती की माझा गुडघा पार गेलेला असणार. त्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "झीज तुमची जास्त आहे, काका. हाडांमधली फट बघा किती कमी झालीय. ताईंची सुरुवात आहे."

मला वाटलं, आता घरी सगळे म्हणणार, हिला उगाच सवय आहे कण्हायची. मी विचारलं, "मग मला इतकं का दुखतं? मी नाटक करत नाही हो."

"नाटक कोण म्हणतंय? दुखणं एक्स-रेत दिसत नाही. वय वाढतं तशी सांध्यातली गादी झिजते, ती बायकांची आणि पुरुषांचीही. पण पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो, आणि तेवढ्याच झिजेला त्यांना बऱ्याचदा जास्त दुखतं. हार्मोन्स असतील, मांड्यांची ताकद असेल, दुखण्याची जाणीवही वेगळी असेल. नेमकं सगळं अजून कळलेलं नाही."

हे खाली मान घालून ऐकत होते. मी मात्र आणखीच घाबरले. सुरुवातीलाच असं, तर पुढे काय? तेही विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यांचं वाढतच जातं असं नाही. मांड्यांचे व्यायाम करा, चालणं सोडू नका, वजन वाढू देऊ नका. आईचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यांना कुणी डॉक्टरांकडे नेलं होतं का?"

नेलं नव्हतं. आईनं कधी तक्रारच केली नाही, आणि म्हातारपण म्हणून आम्हीही गप्प बसलो.

व्यायाम सुरू केले. पहिले काही दिवस रडू यायचं. हळूहळू खुर्चीवरून हात न टेकता उठता यायला लागलं. विहारात वंदनेला आता मागे खुर्ची घेऊन बसते. पहिल्या रविवारी सगळ्या बायका वळून बघतायत असं वाटलं होतं. घरात एकटी असले की अजूनही खाली बसत नाही. बसवतच नाही. भाजी टेबलावर निवडते.

मागच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा नांदगावहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तायडे, माझी पाळी बंद झालीय. आणि जिना उतरताना गुडघ्यात कळ येते लय. असंच असतं ना गं या वयात?"

"असंच असतं म्हणू नकोस," मी म्हटलं. "उद्याच्या गाडीनं निघ. मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे."

"एवढं घाबरण्यासारखं आहे का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले, पण माझ्या आवाजातली भीती तिला कळली असणार.