पाताळस्वारीतल्या बायका

दोष आप्पांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी माझ्याकडे बघायला नको. आप्पा पेंटर, आमच्या सांगलीच्या लिथो प्रेसमधले चित्रकार, वय पंचावन्न, आणि जन्मभर एकच बाई काढलेला माणूस. बाकीच्या दोघा म्हाताऱ्यांचा, म्हणजे मालक आणि त्यांच्या भागीदाराचा, दोष एवढाच, की त्यांना ती एक बाई पुरत होती.

प्रेसमधल्या गोष्टी शाईसारख्या असतात. नखात बसल्या की रॉकेलनं घासलं तरी निघत नाहीत. आज एक सांगायला बसावं तर मागनं चार येतात. या सगळ्या आणीबाणीच्या आदल्या वर्षातल्या.

मी साताऱ्याचं कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं होतं. झूऑलॉजीच्या सरांनी बेडूक न फाडताच त्याची आकृती फळ्यावर काढली. मी घरी फाडून बघितला होता. म्हणालो, सर, बेडूक आतनं असा नसतो. सर म्हणाले, परीक्षेत असाच असतो. मी वर्गाबाहेर पडलो तो परत गेलोच नाही, सांगलीला येऊन प्रेसमध्ये चिकटलो. त्या दिवसापासून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

'पाताळस्वारी' हा पटावरचा खेळ माझा. घरं मी आखली, नियम मी केले. राजपुत्र फासे टाकत पाताळात उतरतो, वाटेत नाग, मत्स्य, गरुड, राक्षस अशा जमाती भेटतात, प्रत्येकीचा एक नर, एक मादी. चित्रं आप्पांनी काढायची, पण खोक्यावर 'कल्पना' म्हणून माझं नाव छापायचं, असं प्रेसचे मालक तात्या यांनी कबूल केलं होतं. ते खोकं मला वडिलांपुढं ठेवायचं होतं. दुसरं काही नको होतं.

*

नर काढताना आप्पांचा हात कुणाला धरता येत नसे. नागराजाला गळ्यापर्यंत खवले, राक्षसाला सुळे, ढेरी, पाठीवर केसांचं रान, गरुडाला चोच. चार नर, चार अंगं.

मादी आली की आप्पा कपाटातनं खाका काढायचे. खाका म्हणजे सुईनं टोचलेला जुना कागद. तो छपाईच्या दगडावर ठेवायचा, वरनं गेरूची पुरचुंडी आपटायची, कागद उचलला की खाली ठिपक्यांची बाई तयार. आमच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी तीच, अगरबत्तीच्या पुड्यावर तीच, बिडीच्या बंडलावरही तीच. सोळा वर्षांची, बारीक कंबर, भरलेली छाती, मान जराशी डावीकडं.

त्या बाईला शेपूट लावलं, झाली नागकन्या. माशाचं लावलं, मत्स्यकन्या. पंख चिकटवले, गरुडी. राक्षसीला दोन सुळे मिळाले, तेही तांदळाएवढे.

मी विचारलं, नराचं सगळं अंग बदलतं आणि मादीचं फक्त शेपूट, असं का?

आप्पा गेरू झटकत म्हणाले, "बाई ती बाईच आस्ती. नाग आसू दे, न्हाईतर राक्षीस."

*

तात्यांचे भागीदार होते एक सुभेदार. फौजेतनं रिटायर, पण इन्स्पेक्शनची सवय गेली नव्हती. रोज सकाळी येऊन दगडासमोर हात मागं बांधून उभे राहायचे. मला ते 'बीएस्सी' म्हणायचे, फेल हा शब्द मनात ठेवून.

एकदा मत्स्यकन्येसमोर थांबले. बेंबी कुठाय म्हणाले. मी म्हटलं, मासा अंड्यातनं येतो, त्याला बेंबी नसते.

"अंड्यातनं आली तरी बाई हाय ती," सुभेदार म्हणाले. "बेंबी पायजे. ऑर्डर हाय."

बेंबी आली. मग तात्यांना वाटलं, खेळ पोराबाळांचा, वर काही अंगात हवं. चोळी घाला म्हणाले. मी विचारलं, समुद्रात शिंपी कुठला? तर म्हणे शिंपले लावा. शिंपले केवढे असावेत, यावर तिन्ही म्हाताऱ्यांचं सकाळी दहापासून चाललं ते चहा दोनदा येऊन गेला तरी मिटलं नाही.

आप्पांच्या बायकोला, इंदूकाकूंना, तेव्हा मी पहिल्यांदा हसताना बघितलं. त्या पलूसच्या. बाइंडिंगच्या कोपऱ्यात बसून खोक्यांना खळ लावायच्या. वर न बघता म्हणाल्या, "शिंपल्यांचं हूं द्या सावकाश. पर हिनं घरचं पाणी कवा भरलेलं दिसत न्हाई."

कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा ऐकून सोडून दिलं.

*

गरुडीवर मात्र मी भांडलो. पक्ष्याची छाती पुढं असते ती उडायच्या स्नायूंनी. मी कोंबडीचं हाड आणून आप्पांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे बघून काढा. रुंद, टणक छाती, मधे धार. ही तुमची गरुडी झाडावरनंही उतरायची नाही.

आप्पांनी हाड उचलून खिडकीबाहेर टाकलं.

"तुझी गरुडी शाळंत उडत हुती, हितं आली पडून," म्हणाले. "माझी खेळात उडती."

मशीनवरचे सगळे हसले. मी नाही.

*

मग लोणंदचं प्रकरण झालं. तिथल्या व्यापाऱ्याला नमुन्याचे छापील कागद पाठवले होते, जत्रेसाठी मोठी ऑर्डर त्याच्याकडनंच यायची होती. त्याच्या दुकानात आमचं लक्ष्मीचं कॅलेंडर आधीच लटकत होतं. त्याच्या आईनं मत्स्यकन्या बघितली, चेहरा ओळखला, आणि हळदकुंकू लावून ती फ्रेम करून गल्ल्यावर टांगली. शिंपल्यांसकट.

व्यापारी स्वतः सांगलीला आला. चपला काढून प्रेसमध्ये शिरला, आता इथंही देवी आहे म्हणून. तात्यांना म्हणाला, "आवं, देवीवर फासं टाकाय लावताय व्हय लोकास्नी? गावात जोडं खायाचं हाय का मला?"

चेहरे बदला, नाहीतर माल घेणार नाही, असं बजावून गेला.

तात्या घाबरले. आप्पांनी बदललेला चेहरा दाखवला. मान उजवीकडं केली होती.

तेव्हा कुठं तात्या माझ्याकडं वळले. म्हणाले, चारी माद्या तू काढ. आवडल्या तर तुझ्या नावाखाली 'चित्रे' हेही घालू. खाका कपाटात ठेवून आप्पांनी कुलूप लावलं.

*

आठ दिवसांत मी चारी काढल्या. नागकन्या मानेपर्यंत साप, सपाट, छाती नाही, कारण पाजायचंच नाही. मत्स्यकन्या बिनबेंबीची, कल्ल्यांची. गरुडी कोंबडीच्या हाडासारखी. आणि राक्षसी. रुंद कंबर, सुटलेलं पोट, पाजून पाजून उतरलेली छाती, जाड मनगटं, आणि ओझं वाहून एक खांदा खाली. दगड उचलेल अशी.

प्रूफं टेबलावर मांडली. सुभेदार पहिल्या तिघींवरनं सरकले. राक्षसीवर थांबले. मग बाइंडिंगच्या कोपऱ्याकडं बघितलं. परत राक्षसीकडं.

"आप्पा," ते हळू म्हणाले, "ही तर तुमची मंडळी हाय."

मशीन बंद झालं. आप्पांनी प्रूफ उचललं. दुसऱ्या हातात दगड घासायचा प्युमिसचा खडा होता, तो त्यांनी इतका आवळला की बोटं पांढरी पडली. मला वाटलं, आता फेकतात.

खोटं सांगत नाही. मनगटं इंदूकाकूंचीच होती. खांदाही. वर्षभर समोर खळ लावताना बघितलेला. पोटाचं मी मनानं केलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. हे मला आत्ता कळत होतं, आणि ते त्या तिघांसमोर कळावं याचा राग येत होता.

तात्यांनी तोड काढली. आप्पांची माफी माग, राक्षसीवर खाका मारू दे, नाव राहील. नाहीतर नाव नाही, नोकरीही नाही.

मी म्हणालो, राक्षसी अशीच असते.

"आरं, माझ्या बायकूला..." आप्पा म्हणाले आणि प्रूफ टेबलावर टाकलं.

तात्यांनी काकूंना हाक मारली. अपमान त्यांचा झालाय, त्यांनीच काय ते सांगावं. काकूंनी हात धुतले, पदराला पुसले, आल्या. प्रूफ बघितलं. खूप वेळ बघितलं. मग आप्पांना म्हणाल्या, खाका काढा.

आप्पांनी कुलूप उघडलं. काकूंनी खाका राक्षसीशेजारी ठेवला.

"ह्यो कागुद टोचला तवा मी सोळाची हुते," त्या म्हणाल्या. "मान आशी धरून धा दिस बसवलं ह्यांनी. तवापास्नं देवी केली, बिडीवर छापली, काल शेपूट लावलं. इचारलं कुणी न्हाई. ह्या पोरानं बी न्हाई."

सुभेदार जमिनीकडं बघत होते.

"माफीच मागायची तर समद्यांनी रांगंत हुबं ऱ्हावा."

कुणी उभं राहिलं नाही. मीही नाही. काकूंनी खाका घडी घालून उचलला, कोपऱ्यात जाऊन खळीच्या भांड्याखाली ठेवला, आणि पुढचं खोकं हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी राक्षसी खाक्याशिवाय काढली. नुसत्या आठवणीनं. सोळा वर्षांचीच निघाली.

माफी मी मागितली नाही. खोक्यावर आप्पांचं नाव आलं. वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत.